उशिरा येणारी घरटी, तापलेली पुळण आणि आमचं ट्रेनिंग

कासवमित्राचं, म्हणजे किनाऱ्यावर कासवांची घरटी शोधून राखणाऱ्या माणसाचं, ट्रेनिंग म्हणजे नक्की काय असतं हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकते. काहींना वाटतं दोन दिवस चहा-बिस्किटं, भाषणं आणि शेवटी सर्टिफिकेट घेताना फोटो. तसंही असतं, नाही म्हणत नाही, मी स्वतः अशा एकदोन कार्यक्रमांना बसून आलेय. पण हे जे सांगतेय ते वेगळं होतं, कारण त्यात अंडी कुत्र्यांपासून वाचवायची एवढाच विषय नव्हता, हवा बदलल्यावर आपण आधी जे शिकलो त्यातलं काय चालेल आणि काय चालणार नाही, हा होता.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, लग्न करून दापोली तालुक्यात समुद्राकाठी आले. मला अजून पोहता येत नाही, हे गावात सगळ्यांना माहितेय आणि सगळे त्यावर हसून झालेत. घरची आंब्याची कलमं, थोडी सुपारी, आणि आता दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पाहुणे येतात ते मुख्य करून फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवाची पिल्लं बघायला, म्हणजे कासवांचं मीठ आम्ही आधीच खात होतो. सासूबाई सांगतात त्यांच्या लहानपणी पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, टोपल्या भरून अंडी घरी यायची, खायचे, विकायचे, कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने वेळासला काम सुरू केलं आणि बघता बघता आंजर्ले, कोळथरे, गुहागर करत ते पार खाली सिंधुदुर्गापर्यंत पोचलं. आता बहुतेक किनाऱ्यांवर हॅचरी, म्हणजे अंडी आणून परत पुरायची कुंपणातली जागा, असते आणि एखाद-दुसरा कासवमित्र असतो.

आमच्या गावात हे काम आधी माझे दीर बघायचे. ते बोटीवर जायला लागले आणि जागा रिकामी झाली. मला का घेतलं तर मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, वहिनींचं अक्षर चांगलंय. खरंच एवढ्यावरच झालं. सासूबाईंनी पहिल्यांदा नाहीच म्हटलं, रात्री-अपरात्री बाईमाणसाने पुळणीवर काय फिरायचं म्हणून, पण शेजारच्या काकी बरोबर येतात म्हटल्यावर गप्प बसल्या. काकी येतात त्या गप्पा मारायला, पण येतात.

ट्रेनिंगला तीसेक माणसं असतील. चार-पाच गावांचे कासवमित्र, बचत गटाच्या बायका, बोटीवरची दोन-तीन पोरं, फॉरेस्ट गार्ड, आणि आमच्यासारखे घरगुती राहण्याची सोय करणारे. जुने कासवमित्र मागच्या खुर्च्यांवर हाताची घडी घालून, म्हणजे आम्हाला काय शिकवणार बघू असा चेहरा. शिकवायला एक रिसर्च करणाऱ्या मॅडम, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी प्रोजेक्टर लावला, जगाच्या तापमानाचा तो लाल रेघ वर वर जाणारा ग्राफ आला, आणि पाचव्या मिनिटाला मागून एकजण म्हणाला, "मॅडम, जगाचं ऱ्हाऊ द्या, पुळणीचं बोला." सगळे हसले. मला वाटलं आता त्या चिडणार, पण त्यांनी सरळ प्रोजेक्टर बंद केला आणि भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला.

मग विचारलं, तुम्ही हे काम सुरू केलं तेव्हा सीझनचं पहिलं घरटं कधी मिळायचं? मागच्या खुर्च्यांवरून उत्तरं आली, कोणी नोव्हेंबर, कोणी दिवाळीनंतर लगेच, कोणी डिसेंबर. आणि आता? आता बहुतेकांचं जानेवारी, आणि जास्त घरटी फेब्रुवारीत, कधीकधी तर मार्च उजाडतो. ते सगळं कागदावर लिहिलं. मग म्हणाल्या, पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस धरा, आता ज्यांनी फेब्रुवारीच्या शेवटी अंडी घातली त्यांची पिल्लं कधी येणार? एप्रिल. आणि एप्रिलमध्ये दुपारी पुळणीवर अनवाणी कोण चालून दाखवतं?

कोणी काही बोललं नाही. ग्राफ न दाखवता विषय पोचला होता. मागचे लोक खुर्च्या पुढे घेऊन बसले.

कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे आईबापांवरून ठरत नाही, वाळू किती तापलीय त्यावर ठरतं. अंडी वाळूत असतात त्या काळाचे तीन भाग केले तर मधल्या भागात हे ठरतं. आमच्याकडे येतात त्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांसाठी साधारण २९ ते ३१ डिग्रीच्या मध्ये कुठेतरी काटा असतो, त्याच्या खाली नर जास्त, वर मादी जास्त. आणि बराच वेळ ३४-३५ च्या वर गेलं तर नर-मादी बाजूलाच राहतं, पिल्लं आतल्या आत मरतात. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेच्या हिरव्या कासवांचा २०१८ मध्ये अभ्यास आला, त्यात लहान कासवं जवळपास ९९ टक्के मादी निघाली. बरं, पिल्लू हातात घेऊन नर की मादी हे कोणालाच सांगता येत नाही, बाहेरून काही दिसतच नाही. म्हणजे आम्ही दर सीझनला टाळ्या वाजवत एवढी पिल्लं सोडली म्हणतो, ती सगळी पोरीच असतील तर वीस वर्षांनी काय, हा प्रश्न आमच्या गावात आजवर कोणी विचारलाच नव्हता. काकी म्हणाल्या, चला, कुठेतरी मुली जास्त झाल्या.

पण ट्रेनिंगचा खरा भाग हॉलबाहेर होता. मॅडमनी पोत्यातून टेबल टेनिसचे बॉल आणले होते, शंभरच्या वर असतील, कासवाचं अंडं साधारण तेवढंच असतं. प्रत्येक बॉलवर पेन्सिलने एक ठिपका, आणि ते सगळे ठिपका वर करून वाळूत दीड फुटावर पुरलेले. आम्ही जोडीजोडीने ते काढायचे, ओली वाळू तळाला टाकलेल्या बादलीत ठेवायचे, चालत हॅचरीपर्यंत न्यायचे, तिथे हाताने नवा खड्डा करून त्यात ठेवायचे, आणि शेवटी मॅडम उघडून बघणार किती ठिपके वर आहेत. कारण असं की अंडी घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मेला, आणि बाहेरून अंडं तसंच पांढरं शुभ्र दिसत राहतं. दोन महिन्यांनी तुम्ही नशिबाला दोष देता.

खड्डासुद्धा कसाही चालत नाही. तोंड अरुंद आणि पोट मोठं, घागरीसारखा, आणि तो खोदताना वरची कोरडी वाळू एका बाजूला आणि खालची ओली दुसऱ्या बाजूला, कोरडी आत पडता कामा नये. हाताला ओडोमॉस, क्रीम काही लावलेलं नको. मी कोपरापर्यंत हात घालून खोदत होते आणि बांगड्या लागत होत्या कडेला, कड ढासळत होती, शेवटी बांगड्या काढून काकींकडे दिल्या.

निकाल मजेशीर लागला. जुन्या लोकांचे बरेच ठिपके आडवे झाले होते, हात सवयीने भराभर चालतात ना. सगळ्यात जास्त ठिपके वर कोणाचे, तर बचत गटातल्या एका आजींचे, ज्यांनी आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता (म्हणजे खाल्ली असतील, ते वेगळं). त्यांनी काय केलं, बादली हातात धरलीच नाही, पदराची चुंबळ केली आणि घमेलं डोक्यावर घेऊन सरळ चालत गेल्या. हेलकावाच नाही. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. त्यानंतर आमच्या गावात घमेलंच वापरतो, लांब न्यायचं असेल तर.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे नाखवा शिकवायला आले होते, आणि मला विचाराल तर ट्रेनिंगमधला सगळ्यात कामाचा अर्धा तास तो होता. भरतीची वेळ काढायची कशी? तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. चतुर्थीला तीन. मोबाईलमध्ये अ‍ॅप असतं हे मलाही माहितेय, पण आमच्या पुळणीच्या दक्षिण टोकाला रेंज नाही आणि कासव बहुतेक वेळा भरतीबरोबरच वर येतं, त्यामुळे रात्री कधी उठायचं हे कालनिर्णय बघून ठरवता येणं म्हणजे झोप वाचणं. मी घाटावरची असल्याने मला तिथ्या पाठ आहेत त्या उपासांमुळे, इथे उपयोगी पडल्या.

नाखवांनी अजून एक सांगितलं. उधाणाचं पाणी त्यांच्या तरुणपणी जिथे थांबायचं ती जागा आणि आता थांबतं ती जागा त्यांनी चालत जाऊन दाखवली. मधे सुरूच्या झाडांचे बुंधे होते, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडवे झालेले. म्हणाले, हॅचरी जुन्या खुणेवरून बांधू नका, यंदाची उधाणं बघून बांधा, दरवर्षी. त्यात मॅडमनी भर घातली की तसंही हॅचरी त्याच जागी परत करू नये, वाळूत बुरशी आणि घाण साठते. म्हणजे दोघं वेगवेगळ्या रस्त्याने एकाच ठिकाणी आले. उशिराच्या घरट्यांना हा पण धोका आहे, एप्रिल-मेमध्ये पिल्लं यायची असतील तर मधेच उधाण किंवा वादळ येऊ शकतं. तौक्ते वादळ २०२१ च्या मेमध्येच आलं होतं.

मग आम्ही घरी गेलो आणि खरं ट्रेनिंग सुरू झालं, कारण आता रोज पुळणीवर जायचं होतं.

माग ओळखायला मला जुन्याच कासवमित्राने शिकवलं, आमच्या शेजारच्या गावचे आहेत. ऑलिव्ह रिडले चालताना एक पाय पुढे मग दुसरा असं चालतं, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूच्या खुणा एकमेकींसमोर येत नाहीत, मागेपुढे असतात. हिरवं कासव दोन्ही वल्ही एकदम मारतं, त्याच्या खुणा समोरासमोर. कधी कासव वर येऊन, फिरून, काही न घालता परत जातं, मग माग असतो आणि घरटं नसतं, तासभर उकरून काही मिळत नाही. आमचे हे गुरुजी उकरत नाहीत. ते चप्पल काढून टाचेने हळूहळू दाबत जातात, जिथे वाळू किंचित दबते तिथे थांबतात. काठी खुपसू देत नाहीत, अंडी फुटतात म्हणून. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा ते थांबले, मला म्हणाले तू दाब, मी दाबलं, मला काहीच फरक कळला नाही. आता कळतो. कसा कळतो ते लिहून सांगता येत नाही, पायालाच कळतं.

सगळ्यात अवघड गोष्ट कुठली शिकायला, तर हात न लावणं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की घरटं भरतीच्या रेषेच्या बरंच वर असेल, येण्याजाण्याचा रस्ता नसेल, कुत्र्यांचा त्रास नसेल तर ते तिथेच राहू द्यायचं, भोवती कुंपण घालायचं आणि लक्ष ठेवायचं. प्रत्येक अंडं उचलून हॅचरीत आणणं हा शेवटचा उपाय. जुन्या लोकांना हे पटत नव्हतं, ते म्हणायचे कुत्र्यांचा त्रास नाही अशी पुळण कोकणात दाखवा. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं. पण आमच्याकडे मी बघायला लागले की कुत्री येतात कशाला, तर चिकनच्या दुकानाची घाण आणि आमच्यासारख्यांच्या पाहुण्यांचं उष्टं पुळणीच्या कडेला पडतं म्हणून. मग बचत गटाच्या बायकांनी दुकानदाराला धरलं, खड्डा करायला लावला, आणि आम्ही घरवाल्यांनी उष्टं टाकणं बंद केलं. कुत्री संपली नाहीत, पण दक्षिण टोकाला जवळपास फिरकेनाशी झाली, आणि तिथली काही घरटी आता आम्ही जागेवर ठेवतो. कासव वाचवायचं काम चिकनच्या दुकानातून सुरू होईल असं कुठल्या स्लाईडवर नव्हतं.

आता वही. मला अक्षरासाठी घेतलं होतं त्यामुळे वही माझ्याकडेच. तारीख, तिथी, घरटं सापडल्याची वेळ, भरतीच्या रेषेपासून किती पावलं, खोली किती, अंडी किती, जागेवर ठेवली की हलवली, हॅचरीत कुठली ओळ, आणि मग रोज सकाळी आठ वाजता तापमान. लॉगर म्हणजे तापमान नोंदवणारं नाण्याएवढं एक बटण असतं, ते एक अंड्यांच्या मधोमध ठेवायचं आणि दुसरं बाजूला रिकाम्या वाळूत तेवढ्याच खोलीवर, कारण शेवटी शेवटी आतली वाढती पिल्लं स्वतःच उष्णता सोडतात, मग वाळूमुळे किती आणि पिल्लांमुळे किती हे वेगळं काढता यायला पाहिजे. लॉगर आम्हाला थोडेच मिळाले, बाकी ठिकाणी लांब दांड्याचा थर्मामीटर. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की काय सांगू. पिल्लं सोडताना सगळं गाव असतं, तापमान लिहिताना कोणी नसतं. पहिले काही आठवडे आकडा जवळपास तोच, २८ आणि थोडं, परत २८ आणि थोडं. वर पुळण दुपारी पाय भाजेल अशी तापते पण दीड फूट खाली दिवसाचा चढउतार फारसा पोचत नाही, तिथे हळूहळू चढतं आणि हळूहळू उतरतं. म्हणून तर दुपारी घाबरून वरून बादलीभर पाणी ओतलं की गार होईल हा समज चुकीचा, एका बादलीचं पाणी तेवढं खाली फारसं पोचत नाही.

मार्चच्या मध्यावर आकडा चढायला लागला आणि चढतच गेला. हवामान खात्याच्या हिशेबात किनारपट्टीला ३७ डिग्रीपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, आम्हाला तो आकडा आता फेब्रुवारी-मार्चमध्येच ऐकू येतो. २०२३ चा फेब्रुवारी तर दिवसाच्या तापमानात देशात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम होता. मार्च संपताना आमच्या उघड्या ओळीतल्या घरट्याचा लॉगर ३३ च्या वर गेला. वहीत तो आकडा लिहिताना पहिल्यांदा वाटलं की या वहीचा काहीतरी उपयोग आहे, कारण नुसतं गरम होतंय असं मी सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, मार्च आहे, गरम होणारच.

मग सावलीवरून भांडण. खरंच भांडण. आमच्या ह्यांचं म्हणणं, कलमांच्या नर्सरीला लावतो तसं ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट लावून टाका, घरात पडलंय. शेजारच्या गावचे ते गुरुजी म्हणाले, प्लास्टिकची जाळी समुद्रावर कशाला, वाऱ्याने फाटून पाण्यात जाईल आणि त्यातच कासव अडकेल, नारळाच्या झापांचा मांडव घाला, उंच, वारा खेळता राहील. एकजण म्हणाला हॅचरीच सुरूच्या बनात न्या, त्यावर दुसरा म्हणाला मुळं घरट्यात शिरतील. मॅडमना फोन लावला तर त्यांनी आणखी एक घोळ घातला, म्हणाल्या सगळं झाकू नका. पूर्ण सावलीत तापमान फारच उतरलं तर सगळे नर, शिवाय पिल्लं यायला उशीर आणि ओल राहून बुरशी. निम्मी हॅचरी झाका, निम्मी उघडी, आणि सगळ्यात उशिराची घरटी सावलीत. शेवटी झापांचा मांडव झाला, ह्यांचं शेडनेट घरीच राहिलं आणि त्यावरून मला आठवडाभर ऐकावं लागलं.

सावलीखालचा आकडा उघड्या ओळीपेक्षा दोनेक डिग्रीने कमी राहिला. पिल्लं निघून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उघडून रिकामी कवचं मोजायची असतात, न फुटलेली अंडी वेगळी, आत मेलेली पिल्लं वेगळी. वास येतो, काकी लांब उभ्या राहतात. उघड्या ओळीतल्या शेवटच्या घरट्यात न फुटलेली बरीच निघाली आणि सावलीत कमी. एका सीझनवरून काही सिद्ध होत नाही हे मॅडमनी बजावून सांगितलंय म्हणून मी पण इथे तसंच लिहिते.

पाहुण्यांबद्दल एक लिहायलाच पाहिजे कारण पोट त्यावर आहे. पूर्वी सकाळी सगळे चहा पिऊन, अंघोळ करून आरामात येईपर्यंत पिल्लं टोपलीखाली थांबवून ठेवायची पद्धत काही ठिकाणी होती. आता वाळू सकाळी आठ-नऊलाच तापते आणि थांबवलेलं पिल्लू पोहायची ताकद टोपलीतच घालवतं. म्हणून आम्ही ठरवलं, उजाडताना सोडायची, ज्याला बघायचंय त्याने उठावं. तक्रारी आल्या. एका पाहुण्यांनी पैसे कमी दिले. पण बहुतेक लोक समजावून सांगितलं की ऐकतात, फक्त ते आदल्या रात्री जेवताना सांगावं लागतं, सकाळी सहाला दार वाजवून नाही. घराचे पुढचे पांढरे दिवे पण सीझनमध्ये बंद, पिल्लं उजेडाकडे जातात आणि मग समुद्राऐवजी आमच्या अंगणात येतात. टॉर्चला लाल कागद.

कोणी म्हणेल एवढं आकडे लिहून काय होतं. गुहागरचं सांगते. २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने आपल्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांना सॅटेलाईट टॅग लावले, वेळासची प्रथमा त्यातलीच, त्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. पण मला जास्त आवडलेली गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या वल्ह्यावर साधा धातूचा टॅग होता, ०३२३३ नंबरचा. तो टॅग २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. म्हणजे जिथे लाखोंनी कासवं येतात त्या पूर्व किनाऱ्यावरचं कासव अख्खा देश वळसा घालून आपल्याकडे अंडी घालायला आलं, आणि तोपर्यंत दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी असंच धरून चालले होते. हे कळलं कशामुळे, तर तो नंबर नीट वाचून लिहून ठेवला गेला म्हणून.

याच्या उलट उदाहरण पण आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. ट्रेनिंगमध्ये सांगितलं तुमच्या गावाची बघून या. मी गेले, कपाटातून काढून दिली, छान बाइंडिंग. त्यात असे दोन पक्षी होते जे इकडे कोणी पाहिलेले नाहीत, आणि कासवाची एक ओळ, 'कासव – आढळते'. कधी, कुठे, कुठल्या महिन्यात, काही नाही. घाईत कोणाकडून तरी करून घेतलेली दिसत होती. आता माझ्या वहीची झेरॉक्स दर सीझनला त्याला जोडायची असं ग्रामसभेत ठरवून घेतलंय, ग्रामसेवक भाऊंनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाले पानं कमी करा.

पैशाचं पण बोलू. मानधन सीझनपुरतं, आणि ते कधी येईल याचा भरवसा नसतो, मागच्या वेळी पाऊस सुरू झाल्यावर आलं. बोटीवर गेलेला माणूस एका फेरीत मिळवतो त्यापेक्षा हे कमी. म्हणून दीर गेले. तुम्ही माणसाला टाचेने घरटं ओळखायला शिकवता, लॉगर वाचायला शिकवता, आणि दोन सीझननंतर तो मुंबईला वॉचमन म्हणून निघून जातो, मग परत नवा माणूस, परत टेबल टेनिसचे बॉल. बोटवाल्यांसाठी निदान एक बरं आहे, जाळ्यात सापडलेलं कासव सोडवताना जाळं कापलं तर फोटो आणि कागद दाखवून २५ हजारांपर्यंत भरपाईची राज्याची योजना आहे, २०१८ पासून. ट्रेनिंगला आलेल्या बोटीवरच्या पोरांना ती माहितच नव्हती. त्यांच्यासाठी ट्रेनिंगमधली तेवढी एक गोष्ट पुरेशी होती.

आता मलाच नव्या लोकांना शिकवायला बोलावतात. मी ग्राफ दाखवत नाही, माझ्याकडे नाहीच. नाखवांना आता लांब चालवत नाही, ते खुर्चीत बसून तिथ्या शिकवतात. बॉल आहेत, घमेलं आहे, आणि वही आहे, ती मी प्रत्येकाच्या हातात देते आणि मार्चची पानं वाचायला लावते.

या सीझनला शेजारच्या गावाबरोबर ठरलंय की त्यांनी पूर्ण हॅचरी झापांखाली ठेवायची (गुरुजी ऐकत नाहीत), आम्ही निम्मी, आणि खालच्या वाडीने शेडनेट लावून बघायचं, आमचंच देणार आहोत, हे खूश आहेत. तिन्हीकडे एकाच खोलीवर लॉगर, तिन्हीकडे सकाळी आठचा आकडा. पहिलं घरटं अजून मिळालेलं नाही. ज्यांना शिकायला यायचंय त्यांनी जानेवारीच्या अमावास्येच्या आधी या, येताना पांढरा टॉर्च आणू नका, आणि रोज सकाळी आठचा आकडा लिहायची तयारी नसेल तर फक्त पिल्लं बघायला या, खोली रिकामी आहे.